रुमालाखाली

सुपडू तडवींच्या ट्रकला डबी बसवली मी,
काचेच्या आत, लिंबू-मिरचीच्या शेजारी.
दुपार होती. फैजपूर रोडचं गॅरेज.
त्यांच्या बाह्यांवर केळीच्या चिकाचे काळे डाग,
जे कोणत्याच साबणाला दाद देत नाहीत.

"ही बोलते म्हने?"

बोलते काका. सेकंदाला दहा वेळा.
मी इथं आहे, एवढ्या वेगात आहे,
आत्ता ब्रेक दाबला.
मागच्यापुढच्या गाड्यांना सांगत राहते.
पौषात तापीच्या पुलावर धुकं बसतं ना,
तेव्हा समोरचा दिसण्याआधी कळेल.

"आन् नाव सांगते का मपलं?"

नाव नाही. आकडा.
तोही पाच मिनिटांनी टाकून देते,
दुसरा घेते.

बत्तीस वर्षं दिल्लीला केळी नेलेला माणूस हसला.
"आमी डिपर मारतो भो.
दोनदा म्हंजे पुढे आरटीओ उभा.
मारनारा कोन्या गावचा,
कोनी इचारलं का आजलोक?"

मी पाना पुसत राहिलो.
त्यांना सांगितलं नव्हतं
की चाचणीचा सबंध महिना आकडे बदलतच नव्हते.
माझ्या पडद्यावर त्यांची एक अखंड रेघ होती:
सावदा, रावेर, आणि बऱ्हाणपूरच्या अलीकडे
दर बुधवारी ती डांबर सोडायची,
उसाच्या कडेनं आत जायची,
अकरा मिनिटं थांबायची,
परत यायची.

झांबरे शेठनाही ती दिसली.
चहा मागवून, खुर्ची ओढून, बशीत ओतत म्हणाले,
"हे अकरा मिनिटं कोनाचे आहेत?
डिझेल तर माझं आहे."

माझा बाप सावद्याच्या गुरांच्या बाजारात दलाल होता.
दोघांचे हात एका रुमालाखाली,
चार बोटं धरायची, एक सोडायचं,
वर तोंडानं पावसाच्या, लग्नाच्या गोष्टी.
बैल उभा, सगळा बाजार भोवती उभा,
आणि भाव फक्त दोन माणसांना ठाऊक.
ह्यात खोटं काहीच नव्हतं.
बोटं खरंच बोलत होती.

त्या रात्री मी झोपलो नाही.
रिकाम्या रस्त्यावर एकट्यानं नाव बदलून काय होतं?
गावात एकच न्हावी,
त्यानं नाव बदललं तरी वस्तरा तोच.
बदलायचं तर चारचौघांत, एकदम.
आणि बदलताना क्षणभर सगळ्यांनी गप्प व्हायचं.
पण ऐंशीच्या वेगात गप्प राहिलेली गाडी
धुक्यात माणूस मारते.

म्हणून वजनकाट्याची रांग.
तिथं सगळ्या उभ्याच असतात,
इंजिन बंद, ड्रायव्हर खाली, तंबाखू हातावर.
तिथं गप्प बसण्यात कुणाचा जीव जात नाही.

मंगळवारी रात्री पडद्यावर सात ठिपके आले.
विझले.
मी पाणी प्यायलो.
सात नवे ठिपके उगवले, पांगले,
त्यातले सुपडूकाका कोणते
हे मलाही सांगता येईना,
ज्यानं हे सगळं लिहिलं त्याला.

जुनी रेघ पुसली.
शेठना म्हणालो, टायर बघत असतील.
हे मात्र खोटं होतं,
रुमाल नव्हता त्यावर.

आणि अजून एक, इथंच सांगून टाकतो.
पुसण्याआधी नकाशा मोठा केला होता मी, एकदा.
पत्र्याचं छप्पर. अंगणात बाज.
दोरीवर काहीतरी लहान, पिवळं, वाळत घातलेलं.
बंद केला लगेच.
लगेच म्हणजे तितक्या लगेच नाही.

पुढच्या शुक्रवारी ते परतले,
केळीची फणी टेबलावर ठेवली.
डबीबद्दल काही बोलले नाहीत.
दिल्लीची थंडी, मथुरेचा जाम, सुनेचं बाळंतपण,
असं बोलत बोलत
खांद्यावरचा गमछा माझ्या हातावर टाकला
आणि खालून तीन बोटं धरली, एक सोडलं.

बापानं शिकवलेलं सगळं आठवून पाहिलं.
कसला भाव, आणि किती झाले,
मला अजून हिशेब लागलेला नाही.